पिवळ्या गोडाचा आठवडा: उत्तर पोर्तुगालमधला ईस्टर

भाचीचं सासर उत्तर पोर्तुगालमधलं. मिन्यू प्रांत, बार्सेलुशजवळचं एक खेडं. ती आणि जावई नोकरीमुळे पोर्तू शहरात राहतात, पण ईस्टरला सगळं घराणं खेड्यातल्या आजीकडे जमतं. या आजींनी नाताळातच व्हिडिओ कॉलवर फर्मान काढलं होतं की नातसुनेच्या आईने आणि मावशीने यंदा ईस्टरला यायचंच. मग ताई आणि मी निघालो. व्हिसा, तिकिटं सगळं यथासांग झालं. फक्त ताईची मोठी बॅग मधल्याच कुठल्यातरी विमानतळावर राहिली. तिच्यात आजींसाठी घेतलेली पैठणीची ओढणी होती आणि सासरच्या मंडळींसाठी शेंगदाण्याची चिक्की आणि तिळाच्या वड्या. (बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. त्यामुळे पेढे, बर्फी घरीच ठेवा. चिक्की बिनघोर न्या.)

आणखी एक सांगायला हवं. ताई अंडं खात नाही. केकसुद्धा तीनदा विचारून खाते. आणि पोर्तुगालमधलं पारंपरिक गोड म्हणजे अंड्यातला पिवळा बलक आणि साखर. बाकी जे असेल ते नावापुरतं. मला हे ठाऊक होतं. ताईला मुद्दामच सांगितलं नव्हतं, नाहीतर तिने चालढकल केली असती.

बुधवार: लिस्बन

सकाळी १५ नंबरची ट्राम पकडून बेलेंला गेलो. जेरोनिमुश मठाचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएल पहिला याने सुरू केलं. मठाच्या चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर लागते. शाळेत १४९८ हे साल घोकलेलं असल्यामुळे ताई तिथे जरा जास्तच वेळ थांबली. "हाच का तो?" एवढंच म्हणाली.

मठाच्या जवळच निळ्या पडद्यांचं ते प्रसिद्ध दुकान. १८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर पोर्तुगालमध्ये धर्मसंस्थांना उतरती कळा लागली आणि १८३४ मध्ये मठ बंद झाले. मठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या मिठाया अशा रीतीने बाहेर पडल्या. १८३७ पासून इथे पाश्तेइश द बेलें, म्हणजे बलकाचं दाट सारण भरलेले छोटे कुरकुरीत टार्ट, विकले जात आहेत. कृती आजही मोजक्या लोकांनाच माहीत असते आणि मिश्रण बंद खोलीत बनतं. बाकी देशभर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात ते पाश्तेल द नाता. बेलेंचे म्हणायचे ते फक्त इथले.

बाहेरची लांबलचक रांग पाहून घाबरू नका. ती बांधून नेणाऱ्यांची असते. सरळ आत जा, निळ्या-पांढऱ्या टाइलांच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, बसायला जागा लवकर मिळते. गरम ताटली आली. वरून काळे डाग पडलेले, कडा अशा कुरकुरीत की पहिल्या घासालाच अर्धा पापुद्रा मांडीवर. आतला भाग अजून हलत होता. टेबलावर दालचिनीची आणि पिठीसाखरेची डबी असते, दोन्ही भुरभुरवायच्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा गोडी बेताची होती.

ताई काळी कॉफी घेऊन माझ्याकडे बघत होती. "एवढा पिवळा बलक वापरतात, मग पांढऱ्याचं काय करतात?" असा तिने प्रश्न टाकला. प्रश्न बरोबर उलटा करायला हवा होता. सांगतात ते असं, की मठातल्या जोगिणींना पांढराच लागायचा, कपड्यांना खळ करायला. वाइन नितळ करायलाही तोच. पिवळे बलक उरायचे ढीगभर. माडेरा बेटावर पंधराव्या शतकात ऊस लागला, पुढे ब्राझीलमधून साखर येऊ लागली, आणि उरलेला बलक अधिक साखर यातून शेकडो मिठाया जन्मल्या. नावंही मठातलीच: जोगिणीचं पोट, देवदूताचं गळगुंड, स्वर्गातलं डुकराचं खारं मांस. हे शेवटचं नाव ऐकून ताईने कॉफीसुद्धा बाजूला ठेवली.

संध्याकाळी फिगैरा चौकातल्या १८२९ सालच्या जुन्या मिठाईच्या दुकानात तिच्यासाठी शोधमोहीम काढली. मार्मेलादा सापडली. म्हणजे मार्मेलू नावाच्या आंबटसर फळाचा गर साखरेत आटवून केलेली लालसर घट्ट वडी. अंडं नाही, दूध नाही. चीजच्या तुकड्यावर ठेवून खातात. ताईचा जीव भांड्यात पडला आणि पुढचे दिवस तिच्या पर्समध्ये त्या वडीचा डबा राहिला.

शाकाहारींसाठी तीन शब्द: "सें ओव्हुश" म्हणजे अंड्याशिवाय, "सें कार्न" म्हणजे मांसाशिवाय, आणि "बान्या". बान्या म्हणजे डुकराची चरबी. ती कित्येक पारंपरिक बिस्किटांत आणि पारीच्या पिठात असते आणि दिसत नाही, म्हणून विचारूनच घ्या. हॉटेलात बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, लोणी पुढ्यात येतं, ते फुकट नसतं. नको असेल तर लगेच परत करा, पैसे लागत नाहीत.

गुरुवार: आवेरू, आणि रात्री ब्रागा

लिस्बनहून आवेरू वेगवान गाडीने दोन तासांवर. वयाची ६५ वर्षं पूर्ण असतील तर रेल्वेत अर्धं तिकीट, आपल्या पासपोर्टवरही मिळतं. ताईला वय सांगावं लागलं याचंच काय ते दुःख.

आवेरूत खाडीचं पाणी, मिठागरं आणि रंगवलेल्या लांबट नावा आहेत. एकेकाळी या नावांमधून खाडीतलं शेवाळ खतासाठी गोळा करायचे, आता पर्यटक फिरवतात. आमचा मोर्चा मात्र ओव्हुश मोलिशकडे. हीसुद्धा मठातली मिठाई. नुसता बलक आणि साखरेचा पाक, मऊ लगद्यासारखा शिजवलेला. लाकडाच्या रंगवलेल्या छोट्या पिंपात भरून मिळतो, नाहीतर पातळ पांढऱ्या पापुद्र्यात, जो चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात त्याच पिठाचा.

एका कारखान्यात करून बघायला देतात. पापुद्र्याचा ताव कागदाएवढा पातळ, त्यावर शिंपले, मासे, शंख, पिंपं असे साचे उठवलेले. खोलगट भागांत सारण भरायचं, वर दुसरा ताव दाबायचा, आणि मग चक्क कात्रीने एकेक शिंपला कापून काढायचा. शिकवणाऱ्या बाई बोलता बोलता न बघता कापत होत्या. मी कापलेला मासा शेपटीकडून उघडा पडला आणि सारण बोटांवर आलं. ताईने अंडं न खाताही सगळ्यात सुबक शिंपले कापले; बाईंनी तिचा ताव उचलून इतरांना दाखवला.

चव? पहिला घास अप्रतिम, दुसरा छान, तिसऱ्याला पाणी मागावंसं वाटतं. पोर्तुगीज लोक एक घेतात, कडू कॉफीबरोबर, आणि थांबतात. आपण मिठाईचा पुडा उघडला की संपवूनच उठतो, तो हिशोब इथे चालत नाही.

पोर्तूत गाडी बदलून संध्याकाळी ब्रागा. भाची, जावई आणि नात स्टेशनवर. नात आधी ताईकडे गेली, मग तिच्या चष्म्याकडे. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ब्रागामध्ये राहायची जागा महिनोन्‌महिने आधी घ्या. देशभरातून लोक येतात.

रात्री मिरवणूक होती. रस्त्यांवर जांभळे पडदे सोडलेले, पाऊस भुरभुरत होता, आणि एकदम खडखडाट ऐकू आला. काळे झगे घातलेले, तोंडं झाकलेले, अनवाणी पुरुष हातात लाकडी खुळखुळे फिरवत येत होते. काहींच्या खांद्यावर लांब काठी आणि तिच्या टोकाला पेटती शेगडी. यांना फारिकोकु म्हणतात. नात भेदरून रडेल असं वाटलं होतं, ती टाळ्या वाजवत होती.

शुक्रवार: ब्रागा

उपवासाचा दिवस, म्हणजे मांस नाही. मासे मात्र मुबलक. दुकानं बरीचशी बंद. सकाळी बों जेझुश टेकडीवर गेलो. १८८२ पासून पाण्याच्या वजनावर चालणारी रेल्वे आहे तिथे. वरच्या डब्यात पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. वर चढायला ती, उतरायला नागमोडी पायऱ्या. गुडघे सांभाळा, पायऱ्या ओल्या असतात.

दुपारच्या जेवणानंतर जावयाने खास म्हणून पुडिंग मागवलं. ब्रागाजवळच्या प्रिश्कुश गावच्या धर्मगुरूंचं. हे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले स्वयंपाकी, राजघराण्यासाठी मेजवान्या करायचे. पुडिंगला १५ बलक, अर्धा किलो साखर, लिंबाची साल, दालचिनी, पोर्ट वाइन आणि ५० ग्रॅम डुकराची चरबी. ती पाकात उकळून गाळून टाकतात. मांसाची चव म्हणून काही लागत नाही. फक्त जिभेवर पुडिंग विरघळतं ते इतर कुठल्याही पुडिंगसारखं नाही, दाट आणि गुळगुळीत, तपकिरी पाकात उभं. मी खाल्लं. ताईने खुर्ची थोडी लांब सरकवली आणि पर्समधून मार्मेलादा काढली.

"आई, उद्या आजीकडे काय करणार आहेस तू?" भाचीने हळूच विचारलं.

"बघू," ताई म्हणाली. हा "बघू" आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

शनिवार: आजींचं स्वयंपाकघर

सकाळी खेड्यात पोहोचलो तेव्हा धो धो पाऊस. दारात आजी उभ्या, ऐंशीच्या घरातल्या, काळा स्वेटर, ॲप्रन. त्यांनी आम्हाला दोन्ही गालांवर मुके दिले आणि आभाळाकडे बोट करून काहीतरी म्हणाल्या. जावयाने सांगितलं, म्हण आहे: एप्रिलात हजार पाणी. इकडे आलात तर छत्री आणि न घसरणारे बूट, या दोन गोष्टी मौजेच्या नाहीत, गरजेच्या आहेत.

घराची साफसफाई आठवडाभर चाललेली. भिंतींना चुना, खिडक्या पुसलेल्या, पेटीतून भरतकामाचे टेबलक्लॉथ निघालेले. रविवारी घरी क्रूस येणार असतो. स्वयंपाकघरात टोपलीत घरच्या कोंबड्यांची अंडी रचलेली. मी मोजायला गेले आणि सोडून दिलं.

आधी पाऊं द लो हा केक. तेल-तूप नाही, सोडा नाही. अंडी, वर आणखी बलक, साखर, पीठ. सगळी करामत फेटण्यात. आजींच्या तरुणपणी बायका आळीपाळीने हाताने फेटायच्या, आता मिक्सर आहे, पण आजी मिक्सरवर विश्वास ठेवत नाहीत. मधेच बंद करून चमचा उचलतात, धार कशी पडते ते बघतात, पुन्हा लावतात. मातीचं गोल भांडं, मध्ये उपडी वाटी, आत जाड पांढरा कागद, वर मातीचंच झाकण, आणि लाकडाच्या भट्टीत. हाच केक सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानला गेला आणि तिथे कास्तेला झाला. ते मी सांगितलं तर आजींनी फक्त मान डोलावली. जपानात त्यांच्याइतका चांगला होत नसणार, एवढं त्यात आलं.

मग पाक. तांब्याच्या पातेल्यात साखर आणि पाणी उकळत होतं आणि इथे ताई पुढे सरकली. आजी चमच्याने पाक उचलत होत्या. ताईने चमच्यावरचा थेंब गार होऊ दिला, अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांबवली. तार तुटली. तिने मान हलवली, "अजून नाही." आजींनी तिच्याकडे पाहिलं. तसंच स्वतः करून पाहिलं. आणि गॅस चालू ठेवला. पुढचा अर्धा तास दोघी एका पातेल्यावर वाकलेल्या, एक मराठीत बोलत होती, एक पोर्तुगीजमध्ये, आणि मध्ये भाषांतर करायला गेलेल्या भाचीला दोघींनीही बाजूला केलं. आजींच्या हिशोबात पाकाच्या पायऱ्या आहेत. आधी तार, मग मोती, आणि पुढे असा की चमचा तळाशी ओढला तर मागे रस्ता उमटावा. ताईला रस्ता नवीन होता. तिने तो करून बघितला आणि म्हणाली, बेसनाच्या वडीला उपयोगी आहे.

बलक पडले तशी ती मागे झाली. पण जागा सोडली नाही.

खरी गंमत तांदळाच्या खिरीची. आरोज दोस मिन्यूत प्रत्येक सणाला लागते. जाडसर आखूड तांदूळ लिंबाच्या सालीबरोबर शिजवायचा, मग गरम दूध थोडं थोडं घालत ढवळायचं. थोडं थोडं म्हणजे किती, तर तासभर. साखर शेवटी, नाहीतर तांदूळ हटून बसतो. हेही दोघींना आधीपासून माहीत होतं. सगळ्यात शेवटी आजी बलक घालतात. पण त्याआधी त्यांनी दोन थाळ्या काढल्या, पातेल्यातली पांढरी खीर त्यात ओतली, ताईकडे बोट केलं आणि मगच बलकाची वाटी उचलली. कुणी सांगितलं होतं त्यांना? भाची म्हणते मी नाही, जावई म्हणतो मी नाही.

पिवळ्या थाळ्या आणि दोन पांढऱ्या गार व्हायला ठेवल्या. वर दालचिनीची नक्षी काढायची असते. आजींनी चिमटीत दालचिनीची पूड घेऊन जाळी आणि बदाम काढले, एका थाळीवर नातीच्या नावाचं पहिलं अक्षर. मग डबी ताईपुढे सरकवली. ताईने ठिपके दिले, जोडले, कमळ उठवलं. हात जराही कापला नाही. आजींची बहीण शेजारच्या घरातून बघायला आली आणि तिच्यामागे आणखी दोघी.

उरलेल्या पांढऱ्याचं काय करतात ते ताईला इथे दिसलं. आजींनी साखर घालून फेस काढला आणि साच्यात भरून भाजायला ठेवला. डोंगराएवढं फुगलेलं मोलोतोफ पुडिंग तयार. जोगिणींकडे बलक उरायचा, आजींकडे पांढरं उरतं.

संध्याकाळी दारात गाडी थांबली. ताईची बॅग. विमान कंपनीचा माणूस पावसात चिंब होऊन सही मागत होता. आजींनी त्याला आत घेऊन पाऊं द लोचा तुकडा आणि पोर्टचा पेला दिल्याशिवाय सोडलं नाही. बॅगेत चिक्कीचा चुरा झाला होता. चुरा तर चुरा.

रविवार: कोम्पासु, म्हणजे घरोघर फिरणारा क्रूस

पहाटे फटाक्यांच्या बारांनी जाग आली. पाऊस थांबला होता. बायका, मुलं अंगणात फाटकापासून उंबऱ्यापर्यंत फुलांची वाट घालत होती. नेच्याची पानं खाली, वर कॅमेलियाच्या पाकळ्या, पिवळी रानफुलं, रोझमेरी. ही वाट असली की क्रूस घेऊन फिरणाऱ्यांना कळतं, या घरी यायचं आहे.

बैठकीच्या खोलीत टेबल मांडलं. त्यावरचं सांगते. मध्यभागी पाऊं द लो, हाताने तोडून खायचा, सुरी लावायची नाही. बरोबर मेंढीच्या दुधाचं मऊ चीज. गोड केक आणि खारं चीज हे विचित्र वाटतं, खाऊन बघा. गिमारायँशहून आलेल्या आत्याने तोसिन्यु दु सेऊ आणला होता, म्हणजे तेच स्वर्गातलं खारं मांस. नाव पूर्वी त्यात घालायच्या चरबीवरून. आत्याच्या पाककृतीत फक्त बदाम, बलक आणि एका भोपळ्याच्या तंतूंचा मुरंबा. ओलसर, दाणेदार आणि बदामाचा वास पार शेवटपर्यंत टिकणारा. माझ्या मते टेबलावरचा सर्वोत्तम पदार्थ तोच. आलेत्रिया, म्हणजे आपल्या शेवयांच्या खिरीची घट्ट वडी पाडली तर होईल ते. फिऊश द ओव्हुश, उकळत्या पाकात बलकाची धार सोडून केलेले सोनेरी धागे. हे थायलंडपर्यंत पोहोचले आणि तिथल्या लग्नांत आजही असतात. साखरेच्या कवचातले बदाम, गुलाबी, निळे, पांढरे. ते ताईचे. ओव्हुश मोलिशचं पिंप आम्ही नेलेलं. आणि एका कोपऱ्यात पितळेच्या ताटलीत चिक्कीचा चुरा आणि तिळाच्या वड्या.

घंटा ऐकू आली. आधी लांबून, मग जवळ. लाल झगे घातलेली माणसं फुलांच्या वाटेवरून आली. पुढे घंटा वाजवणारा पोरगा, मग फुलांनी सजवलेला चांदीचा क्रूस, तीर्थाचं भांडं घेतलेला एक. धर्मगुरू आता पुरत नाहीत, म्हणून बऱ्याच गावांत गावकरीच हे काम करतात. "आलेलुया!" असं म्हणत आत शिरले, प्रार्थना म्हटली, घरावर पाणी शिंपडलं. मग क्रूस एकेकापुढे. आजींनी चुंबन घेतलं, मग मुलगे, सुना, नातवंडं. कडेवरच्या नातीने फूल ओढलं.

ताईपुढे क्रूस आला तेव्हा खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. तिने हात जोडले, क्रूसाच्या पायथ्याला बोटं लावून कपाळाला लावली. क्रूस धरलेला माणूस क्षणभर थांबला, त्याने क्रूस आणखी खाली केला आणि हसला. मीही तेच केलं.

पुढे अख्खं गाव बाकी असतं, त्यामुळे ही मंडळी घोटभर पोर्ट आणि गोडाचा एखादा तुकडा घेतात. घंटेवाल्या पोराने मूठभर चिक्की खिशात घातली. जाताना देवळासाठीचं पाकीट द्यायचं. मग घरच्यांनी त्यांच्यामागून शेजारी, काकांकडे, बहिणीकडे जायचं आणि प्रत्येक घरी तेच टेबल. "नाही" म्हणणं उद्धटपणा, "थोडंसं" चालतं. ज्यांना अशा आमंत्रणाचं भाग्य लाभेल त्यांना सांगणं एकच: सकाळी नाश्ता करू नका.

दुपारी भट्टीतलं करडू आणि भात. ताईसाठी भाजलेल्या भाज्या, मक्याचा जड पाव, सॉसेजची चकती न घातलेलं काल्दु व्हेर्द, म्हणजे हिरव्या पाल्याचं सूप. मग पुन्हा गोड. या वेळी लैत क्रेम: दुधाची बलक घातलेली दाट लापशी, वर साखर पसरलेली. जावयाच्या काकांनी चुलीत लाल केलेली लोखंडी चकती आणली आणि साखरेवर टेकवली. चर्र असा आवाज, निळसर धूर आणि जळक्या साखरेचा वास घरभर. मुलं काकांभोवती गोळा. चमच्याने वरची काच फोडायची.

नातीला तिच्या धर्ममातेने फोलार दिला. ईस्टरला धर्ममातापित्यांनी लेकराला द्यायची ती भेट. पूर्वी केक असायचा, आता खेळणी किंवा पैसेही असतात.

टेबलाच्या टोकाला आजींचे दीर बसले होते. पंच्याऐंशी पार केलेले, कमी बोलणारे. आम्ही कुठल्या, असं त्यांनी जावयाकडे विचारलं. महाराष्ट्र म्हणून त्यांना काही कळेना. गोव्याच्या वर, म्हटल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला. ते १९६० साली सक्तीच्या लष्करी नोकरीत गोव्याला होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य आलं तेव्हा पकडले गेले आणि फोंड्याच्या छावणीत १९६२ च्या मे महिन्यापर्यंत राहिले. तिथल्या दिवसांबद्दल ते फारसं बोलले नाहीत. बोलले ते त्याआधीच्या नाताळाबद्दल. मडगावच्या एका घरी त्यांना जेवायला बोलावलं होतं आणि थरांथरांचं तपकिरी गोड वाढलं होतं, नारळाचं. नाव आठवत नव्हतं. हाताने हवेत थर करून दाखवत होते.

"बेबिंका," ताई म्हणाली.

म्हातारबुवांनी तो शब्द दोनदा म्हटला. मग आजींना, मग आत्याला, मग करडू खात असलेल्या काकांना सांगितला. ताईने जावयाला मध्ये बसवून कृती सांगायला सुरुवात केली: नारळाचं दूध, बलक, साखर, थोडं पीठ, एक थर ओतायचा, वरून निखाऱ्याची आच द्यायची, तूप लावायचं, पुढचा थर. स्वतः कधी खाल्ली नाही, पण मडगावच्या मैत्रिणीकडे बघून बघून पाठ आहे. आजींनी बदामाऐवजी नारळ ही गोष्ट काही वेळ मनात घोळवली आणि विचारलं, वरची आच कशी देता? त्यांच्याकडे लैत क्रेमची लोखंडी चकती होतीच.

सोमवार: खेडं ते पोर्तू

शेजारच्या गावात क्रूस सोमवारी फिरतो, म्हणून जावयाच्या आणखी एका मावशीकडे तेच सगळं पुन्हा. मी पाऊं द लोचा एक तुकडा घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि त्यालाच पुरवलं.

निघताना आजींनी बांधून दिलं. काय किती टिकतं ते भाचीकडून लिहून घेतलं: पाऊं द लो कोरडा असेल तर आठवडाभर, बदामाचे पदार्थ त्याहून जास्त, खीर आणि लैत क्रेम त्याच दिवशी संपवायचं. ओव्हुश मोलिशच्या पिंपातलं सारण सुरक्षा तपासणीत पेस्ट धरलं जाऊ शकतं, ते हातातल्या सामानात नको.

ईस्टर दरवर्षी २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान बदलत्या रविवारी येतो, त्यामुळे तिकिटांआधी तारीख बघा. मार्चात आला तर थंडी आणि कॅमेलिया जास्त, एप्रिलअखेर आला तर पाऊस थोडा कमी असायची आशा.

आजी पैठणीची ओढणी स्वेटरवर घेऊन फाटकापर्यंत आल्या. ताईने गाडीत बसल्यावर दार लावलं, काच खाली केली आणि भाचीला विचारलं, "घरी पोर्तूला गेल्यावर मिरचीचा ठेचा आहे का गं?"

"आहे, आई."

"मग गाडी मध्ये कुठे थांबवू नका."